कोड ब्रेक स्विचचा, दोष कुणाचा?

दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एके दिवशी ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो. गाडी चालते, ब्रेकही नीट लागतो. गॅरेजात स्कॅनर जोडला की पी-०५०४ किंवा पी-०५७१ असा कोड निघतो आणि निदान तिथेच ठरते: ब्रेक स्विच गेला, बदलून टाकू. स्विच बदलतात, कोड पुसतात आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. मग आणखी एक स्विच, मग वायरिंगची उस्तवार, आणि शेवटी बोट ठेवले जाते ते ईसीएमवर, म्हणजे गाडीच्या इंजिन कॉम्प्युटरवर. त्याची किंमत ऐकून मालक गाडीच काढून टाकायच्या विचाराला लागतो.

ही सगळी फरफट टाळता येते. ब्रेक पेडलबद्दल मिळणारी माहिती ईसीएमला पटत नाही, एवढेच कोड सांगतो. ती का पटत नाही, हे शोधायचे काम आपले. कारण स्विचमध्ये असेल, तसेच ते उडालेल्या फ्यूजमध्ये, मागच्या दिव्याच्या गंजलेल्या होल्डरमध्ये, डिकीच्या बिजागरीपाशी तुटलेल्या वायरीत किंवा पेडलवरून गळून पडलेल्या रबराच्या एका तुकड्यातही असू शकते. म्हणून आधी पाहायचे, मग मोजायचे आणि सुटा भाग सर्वांत शेवटी विकत घ्यायचा. हा क्रम पाळला तर बहुतेक गाड्यांचा दोष घरच्या अंगणात सापडतो. निदान गॅरेजात नेमके काय सांगायचे, ते तरी कळते.

स्विच करतो काय?

ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाशी, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ, एका पट्टीवर हा छोटा स्विच बसवलेला असतो. त्याच्या तोंडाशी एक प्लंजर असतो. पेडल मोकळे असताना पेडलचा दांडा हा प्लंजर आत दाबून धरतो. पाय पडला की दांडा दूर जातो, प्लंजर बाहेर येतो आणि आतले कॉन्टॅक्ट बदलतात.

जुन्या, साध्या गाड्यांत या स्विचला दोनच वायरी असत आणि त्याचे काम मागचे लाल दिवे लावण्यापुरते होते. इंजिनाचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला तशा चार वायरींच्या स्विचच्या गाड्या आल्या. यात कॉन्टॅक्टच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी ब्रेक लाईटची. पेडल मोकळे असताना ती तुटलेली असते, दाबल्यावर जुळते. दुसरी नेमकी उलट चालते. मोकळ्या पेडलला ती जुळलेली असते आणि दाबल्यावर तुटते. ईसीएम दोन्ही संकेत एकाच वेळी वाचतो आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही, हे सतत तपासतो.

ही दुहेरी व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. एकच वायर असती तर ती तुटल्यावर ‘ब्रेक दाबलेला नाही’ असाच संकेत मिळाला असता आणि बिघाड कुणाला कळलाच नसता. दोन उलट संकेत असले की एक बिघडताच विसंगती उघडी पडते.

या संकेतावर बरेच काही अवलंबून असते. क्रूझ कंट्रोल बंद करायचा तो याच संकेतावर. ॲक्सिलरेटर केबलऐवजी विजेच्या संकेतावर चालणाऱ्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले, तर बऱ्याच कंपन्यांचे ईसीएम इंजिनाची ताकद कमी करतात. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याचा संकेत मिळाला नाही तर लिव्हर ‘पार्क’मधून हलत नाही. बटणाने सुरू होणारी गाडी सुरूच होत नाही. एबीएस आणि ईएसपी यांनाही हीच माहिती लागते.

हा स्विच बिघडला तर काय होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. एप्रिल २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी तिथल्या १६ लाखांहून अधिक गाड्या स्टॉप लाईट स्विचच्या दोषासाठी परत बोलावल्या. ब्रेक दाबल्यावर दिवे न लागणे, क्रूझ कंट्रोल न सुटणे आणि बटणाने गाडी सुरू न होणे, अशा तक्रारी या एका छोट्या भागापायी उद्भवू शकत होत्या.

कोड कसा वाचायचा?

अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाडाचे कोड नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून आला. त्याआधीच्या काही गाड्यांतही स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते, पण तिथे सर्वसाधारण स्कॅनर चालेलच असे नाही.

कोडमधले ‘पी’ हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या यंत्रणेचे. त्यापुढचा अंक शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा लागतो. ब्रेक स्विचचे समान कोड असे:

- पी-०५०४: स्विचचे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन संकेत एकमेकांशी जुळत नाहीत.
- पी-०५७१: ‘ए’ सर्किटमध्ये बिघाड.
- पी-०५७२: ‘ए’ सर्किटचा संकेत खालीच राहतो, म्हणजे व्होल्टेज हवे तेव्हा येत नाही.
- पी-०५७३: ‘ए’ सर्किटचा संकेत वरच राहतो, म्हणजे व्होल्टेज नको तेव्हाही असते.
- पी-०७०३: ‘बी’ सर्किटमध्ये बिघाड.
- पी-०७१९ आणि पी-०७२४: ‘बी’ सर्किटचा संकेत अनुक्रमे खाली किंवा वर अडकलेला.

कोड पुसण्याआधी तो लिहून ठेवा. सोबत इतर कोड असतील तर तेही लिहा. स्कॅनरमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ मिळत असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. कोड पडला तेव्हा गाडीचा वेग किती होता, इंजिन किती फिरत होते आणि किती तापलेले होते, याची नोंद तिच्यात असते. सुरू करताच पडलेला कोड आणि ऐंशीच्या वेगाने खड्ड्यातून जाताना पडलेला कोड यांची कारणे सहसा वेगळी निघतात. पुसलेल्या कोडबरोबर हा पुरावाही जातो.

हात घालण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. बंद जागेत इंजिन चालू ठेवून काम करू नका. यातली बहुतेक तपासणी इंजिन न लावता, नुसती चावी फिरवून होते.

डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या वेष्टणाच्या वायरी आणि पिवळे कपलर यांना हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात. ईसीएमकडे जाणाऱ्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, कारण त्या बल्बला लागणारा करंट नाजूक सर्किटला झेपत नाही. तिथे डिजिटल मल्टिमीटरच हवा. वायरीचे प्लॅस्टिक टोचून मोजायची सवयही सोडा. त्या भोकातून ओल शिरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांबे हिरवे पडते. मोजायचे ते कपलरच्या मागच्या बाजूने, बारीक पिन अलगद सरकवून.

साहित्य फार लागत नाही: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, टॉर्च, पान्यांचा साधा संच, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि मदतीला एक माणूस. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर अर्धे काम झालेच म्हणून समजा. वायरींचे रंग आणि फ्यूजची जागा मॉडेलनुसार आणि वर्षानुसारही बदलते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा डायग्राम लावून अंदाज बांधू नका.

पहिली पायरी: दिवे बोलतात ते ऐका

मदतनीसाला पेडल दाबायला सांगा आणि गाडीच्या मागे उभे राहा. एकटे असाल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि अंधार पडल्यावर भिंतीवरचा लाल उजेड आरशात बघा. पेडल आधी अगदी हळू, मग पूर्ण, मग पटापट दाबून पाहा. चावी बंद असताना, चावी चालू असताना आणि पार्किंग लाईट लावून, अशा तिन्ही अवस्थांत हे करा.

एकही दिवा लागत नसेल तर फ्यूज, स्विचचा पहिला कॉन्टॅक्ट किंवा मागे जाणारी मुख्य वायर यांकडे पाहायचे. सगळे बल्ब एकाच वेळी जाणे दुर्मीळ. फक्त एकच दिवा लागत नसेल तर स्विचला दोष देऊ नका, तो बल्ब आणि त्याचा होल्डर पाहा. पेडल सोडूनही दिवे विझत नसतील तर स्विचची बैठक बिघडली आहे किंवा पेडलवरचे रबर गेले आहे. असे दिवे रात्रभर जळत राहिले तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. पेडल बरेच खाली गेल्यावर दिवे लागत असतील तर स्विच पेडलच्या फार जवळ बसला आहे. रस्त्यातल्या हादऱ्यांनी दिवे लुकलुकत असतील तर उलट, तो फार लांब आहे.

आणि दिवे अगदी व्यवस्थित लागत असूनही कोड येत असेल, तर पहिला कॉन्टॅक्ट बहुधा बरा आहे आणि शोध दुसऱ्या कॉन्टॅक्टकडे वळवायला हवा. ‘दिवे लागतात, म्हणजे स्विच चांगला’ हा निष्कर्ष चार वायरींच्या स्विचला लागू पडत नाही. इथेच बरेच जण फसतात.

दुसरी पायरी: पेडल आणि रबर

टॉर्च घेऊन पेडलच्या वरच्या टोकाकडे बघा. पेडलच्या दांड्यावर जिथे प्लंजर टेकतो, तिथे बऱ्याच गाड्यांत एक भोक असते आणि त्यात रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी गुंडी बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती ठिसूळ होते आणि एक दिवस तिचा भुगा होतो. मग प्लंजर त्या भोकातून आरपार जातो, दाबला जातच नाही आणि ईसीएमला ब्रेक कायम दाबलेला दिसतो. पायाखालच्या मॅटवर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे पडलेले दिसले तर ते फेकू नका. निदान तेच सांगतात. जुन्या होंडा आणि ह्युंदाई गाड्यांत हा दोष ओळखीचा आहे, पण तो कुठल्याही जुन्या गाडीत होऊ शकतो.

पेडल हाताने वर ओढून पाहा. ते आणखी वर येत असेल आणि तसे केल्यावर दिवे विझत असतील तर पेडल पूर्ण परत येत नाही. पेडलची स्प्रिंग, कोरडी पडलेली बूश, किंवा पेडलमागे अडकलेली एखादी वस्तू यांचा संशय घ्या. पेडल आडवे हलत असेल तर बूश झिजली आहे आणि प्लंजर दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आहे.

तिसरी पायरी: फ्यूज, बल्ब आणि अर्थ

‘स्टॉप’ लिहिलेला फ्यूज तर पाहायचाच. पण चार वायरींच्या स्विचला बहुधा दोन फ्यूजमधून पुरवठा असतो. दिव्यांच्या कॉन्टॅक्टला थेट बॅटरीचा, कारण चावी काढली तरी ब्रेक लाईट लागायला हवी, आणि दुसऱ्या कॉन्टॅक्टला चावी फिरवल्यावर मिळणारा. हा दुसरा फ्यूज उडाला की दिवे नीट लागतात, कोड मात्र दर वेळी येतो. अशी गाडी तीन स्विच बदलले तरी बरी होत नाही. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका. त्याच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा, दोन्हीकडे तो लागला पाहिजे. फ्यूज पुन्हा उडत असेल तर जास्त ॲम्पिअरचा घालून वेळ मारून नेऊ नका, वायर कुठे घासली आहे ते शोधा.

आता मागचे बल्ब काढा. ब्रेक लाईटचा बल्ब साधारणपणे २१ वॅटचा असतो. बऱ्याच गाड्यांत तो टेल लाईटसह एकाच काचेत, २१ आणि ५ वॅटच्या दोन फिलामेंटचा येतो. जुन्या बल्बमधले एक फिलामेंट तुटून दुसऱ्याला चिकटले, किंवा दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एकाच फिलामेंटचा बल्ब कुणी कोंबला, तर टेल लाईटचा करंट ब्रेकच्या वायरीत शिरतो. पार्किंग लाईट लावताच ईसीएमला ब्रेक दाबल्यासारखा वाटतो. कोड रात्रीच येतो आणि दिवसा कधीच येत नाही, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी हेच तपासा.

अर्थ, म्हणजे करंटची बॉडीतून परतीची वाट, खराब असला तरी असेच चमत्कार दिसतात. ब्रेक दाबल्यावर टेल लाईट मंद होणे किंवा इंडिकेटरसोबत दुसराच दिवा लुकलुकणे ही खराब अर्थची खूण आहे. करंटला बॉडीकडे जायची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो. होल्डरमधला हिरवा-पांढरा गंज पॉलिश पेपरने काढा, स्प्रे मारा, अर्थचा बोल्ट सोडून खालचा पत्रा चकचकीत करा आणि पुन्हा घट्ट आवळा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या आणि दर पावसाळ्यात दिव्यांत पाणी साचलेल्या गाड्यांत हे काम न चुकता करावे.

एलईडी बल्ब बसवले असतील तर तात्पुरते काढून मूळचे बल्ब लावा. काही गाड्यांत पेडल मोकळे असताना ब्रेकच्या वायरीचे व्होल्टेज शून्यावर राहते ते बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ मिळत असल्यामुळे. एलईडीमुळे ही वाट बंद होते आणि वायर अधांतरी राहते. तीच गत लुकलुकणारी ब्रेक लाईट, जोडून घेतलेला स्पॉयलरचा दिवा आणि टोइंग हुकचे वायरिंग यांची. जोडलेले सगळे बाजूला करा आणि मूळ सर्किट एकटे तपासा.

हॅचबॅक गाडीत डिकीच्या दारातला तिसरा ब्रेक दिवा विसरू नका. त्याची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाते. दार हजारो वेळा उघडून-मिटून ती आतल्या आत तुटते किंवा पत्र्याला टेकून शॉर्ट होते. ती नळी मागे सरकवून वायरी एकेक करून पाहा. गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही शोधा.

चौथी पायरी: स्कॅनरवर दोन्ही संकेत पाहा

स्वस्त ब्लूटूथ डोंगल कोड वाचतो आणि पुसतो, पण ब्रेक स्विचची चालू स्थिती बहुधा दाखवत नाही. ती सर्व कंपन्यांना समान असलेल्या माहितीत येत नाही. त्यासाठी तुमच्या गाडीच्या कंपनीची खास माहिती वाचणारा स्कॅनर लागतो. तो बऱ्याच मल्टिब्रँड गॅरेजमध्ये असतो.

‘लाईव्ह डेटा’मध्ये दोन्ही ब्रेक संकेत शेजारीशेजारी लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. टोयोटाच्या अनेक गाड्यांत याचा नियम असा आहे. पेडल मोकळे असताना दिव्यांचा संकेत बंद आणि दुसरा चालू. पेडल दाबल्यावर दिव्यांचा चालू आणि दुसरा बंद. मधल्या क्षणी, पेडल हलत असताना, दोन्ही चालू दिसतात आणि ते बरोबरच आहे. दोन्ही एकाच वेळी बंद दिसले आणि तसेच राहिले की ईसीएम पी-०५०४ नोंदवतो. इतर कंपन्यांचे नियम थोडे वेगळे असू शकतात, काहींच्या दोन्ही संकेतांची दिशा एकच असते. म्हणून तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला तक्ता समोर ठेवा.

या पडद्यावर दोष अर्धा उघडा पडतो. एक संकेत पेडल कसेही दाबले तरी हलत नसेल तर त्या बाजूचा फ्यूज, वायर किंवा कॉन्टॅक्ट बिघडलेला आहे. दोन्ही हलतात पण एक फार उशिरा हलतो, तर स्विचची बैठक तपासा. सगळे ठीक दिसत असेल तर कपलर आणि वायरींचा गुच्छ हळूच हलवत पडद्याकडे पाहत राहा. जिथे हलवल्यावर आकडा उडी मारतो, तिथेच लूज कनेक्शन आहे.

पाचवी पायरी: मल्टिमीटर

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला, लाल पिन स्विचच्या कपलरच्या मागून. इंजिन बंद असलेल्या निरोगी बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असते, तेवढेच जवळपास पुरवठ्याच्या वायरीवर मिळाले पाहिजे. दोन्ही पुरवठे तपासा, दुसऱ्यासाठी चावी चालू करा. एखाद्यावर काहीच नसेल तर स्विच सोडून फ्यूजकडे मागे जा.

पुरवठा आहे, आता बाहेर जाणाऱ्या वायरी मोजा. दिव्यांच्या वायरीवर पेडल मोकळे असताना शून्याजवळ आणि दाबल्यावर बॅटरीइतके व्होल्टेज हवे. दुसऱ्या वायरीवर याच्या उलट. मोकळ्या पेडलला दिव्यांच्या वायरीवर तीन-चार व्होल्ट दिसत असतील तर कुठून तरी करंट उलटा शिरतो आहे. तिसऱ्या पायरीकडे परत जा.

यानंतरची कसोटी बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. मीटरची एक पिन दिव्यांच्या पुरवठ्याला आणि दुसरी बाहेर जाणाऱ्या वायरीला लावा आणि ब्रेक दाबा. दिवे जळत असताना स्विचच्या आत किती व्होल्ट खर्ची पडतात, ते मीटर सांगतो. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर कॉन्टॅक्ट चांगले. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर ते जळालेले आहेत, जरी दिवे लागत असले तरी. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे साडेतीन ॲम्पिअर करंट खेचतात, आणि तो वर्षानुवर्षे याच छोट्या कॉन्टॅक्टवरून जातो.

स्विच काढून ओहमवर मोजायचा असेल तर जुळलेल्या कॉन्टॅक्टला एक ओहमहून कमी आणि तुटलेल्याला अनंत दाखवले पाहिजे. प्लंजर वीस-पंचवीस वेळा हळूहळू दाबून पाहा. दर वेळी आकडा तोच यायला हवा. मात्र फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या काही गाड्यांत हा स्विच मास्टर सिलिंडरला लागून असतो आणि त्यात चुंबकाने चालणारा सेन्सर असतो. तो ओहमवर मोजता येत नाही. तिथे स्कॅनरच हवा.

स्विच चांगला निघाला आणि कपलरपर्यंतचे सगळे मापही बरोबर आले, तर स्विचपासून ईसीएमपर्यंतची वायर तपासायची. बॅटरीची निगेटिव्ह काढून, दोन्ही टोकांचे कपलर सोडून ती सलग आहे का आणि अर्थला टेकत नाही ना, हे पाहायचे. ईसीएम बदलायचा विचार याही नंतरचा.

स्विच बदलताना

इथपर्यंत आल्यावर स्विचच दोषी ठरला तर तो नक्की बदला. बहुतेक गाड्यांत तो काही शे रुपयांत मिळतो. भाग क्रमांक जुळवून घ्या. दिसायला सारखे असलेल्या दोन स्विचमध्ये दुसऱ्या कॉन्टॅक्टची दिशा वेगळी असू शकते.

बसवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. आटे असलेल्या स्विचला चेकनट असते. पेडल मोकळे असताना स्विचचे शरीर आणि पेडलवरची गुंडी यांत थोडीशी फट ठेवायची असते, बऱ्याच गाड्यांत ती एक-दोन मिलिमीटरच्या घरात असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. दुसरी पद्धत फिरवून अडकणाऱ्या स्विचची. तो प्लंजरच्या दातांवर स्वतःच जागा धरतो, पण एकदाच. त्यात प्लंजर पूर्ण बाहेर ओढून, पेडल सांगितलेल्या स्थितीत धरून मगच स्विच फिरवायचा असतो. जुना काढून तोच परत बसवला तर माप चुकू शकते.

स्विच फार पुढे बसला तर त्याचे शरीर पेडलला रोखून धरते, ब्रेक किंचित लागलेलेच राहतात आणि ड्रम-डिस्क तापतात. म्हणून काम झाल्यावर थोडे अंतर चालवून चाकांजवळ हात नेऊन पाहा, हात लावू नका. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर माप पुन्हा तपासा.

गॅरेजात जाताना

स्वतः करणे शक्य नसेल तर गाडी मेकॅनिकपेक्षा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि त्याला नुसता कोड सांगू नका. दिवे केव्हा लागतात, कोड दिवसा येतो की रात्री, थंड गाडीत की तापल्यावर, पावसात की खड्ड्यांत, गाडीत बाहेरून काय काय जोडले आहे, हे लिहून द्या. घाटात चढावर थांबताना ब्रेक न सोडताच ॲक्सिलरेटर देण्याची सवय असेल तर तीही सांगा. काही गाड्यांचे ईसीएम या एकत्र दाबण्याचीच नोंद करतात आणि तिथे सुटा भाग बदलून काहीच साधत नाही. भाग बदलायच्या आधी कुठे किती व्होल्ट मिळाले, ते विचारा. चांगला कारागीर ते आनंदाने दाखवतो.

काम संपल्यावर कोड पुसा. तिन्ही ब्रेक दिवे, क्रूझ कंट्रोल असेल तर तो ब्रेकने सुटतो का, आणि ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर ब्रेकशिवाय हलत नाही ना, हे सगळे तपासा. दिवसा, रात्री आणि पाऊस असेल तर पावसात गाडी चालवून पुन्हा एकदा स्कॅनर लावा. चेक इंजिनचा दिवा विझला म्हणजे काम झाले असे नाही. दिवा न लावता नोंदीत थांबलेला कोडही वाचा.

आणि ब्रेक लाईट लागत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. ब्रेक तुम्हाला थांबवतात, पण मागून येणाऱ्याला थांबायचे कळते ते त्या लाल दिव्यांवरूनच. महामार्गावर, पावसाच्या पडद्याआड, तुमच्या मागे दुचाकीवर एखादे कुटुंब असेल. जुनी गाडी वापरण्यात काहीच कमीपणा नाही. तिची ही जबाबदारी मात्र नव्या गाडीइतकीच आहे, आणि ती पार पाडायला एक मल्टिमीटर, नीट क्रम आणि थोडी सवड एवढे पुरते.